तहानलेलं इंजिन

रविवारी सकाळी रेल्वे संग्रहालयाच्या मोठ्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी शाळेची सहल आली तरच तिथे माणसाचा आवाज व्हायचा. आज मात्र लोक रुळांवर उभे होते, जुन्या डब्यांच्या पायऱ्यांवर बसले होते, दोघे-तिघे तर सिग्नलच्या खांबाला लटकले होते. सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी खिळलेले. या भागात पहिलीवहिली गाडी ओढणारं, कित्येक वर्षं थंड पडलेलं काळंभोर इंजिन!

इंजिनाच्या केबिनमध्ये वाफबाबा उभे होते. अंगात रेशमी झगा, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी, हातात पितळी कळशी.

"तहानलंय ते!" बाबा गरजले. "तुमच्या आज्या-पणज्यांना ओढून ओढून दमलं, आणि तुम्ही त्याला काय दिलंत? दारात तिकीट लावलंत! घोटभर पाणी तरी विचारलंत?"

"नाही, बाबा!" गर्दी ओशाळून म्हणाली, जणू जो तो घरून इंजिनाला उपाशी ठेवूनच निघाला होता.

बाबांनी भट्टीचं दार उघडलं, कळशी आत रिती केली आणि मंत्र सुरू केला. मंत्र कुठल्याच भाषेतला नव्हता. मधूनमधून 'झुक्' आणि 'फट्' एवढंच कळत होतं. तो बराच लांबला. मग इंजिनाच्या पोटात तडतड झाली, आणि धुराड्यातून पांढऱ्या वाफेचा लोट वर आला. कोळसा नाही, लाकूड नाही, साधी काडी ओढलेली नाही! बायका रडू लागल्या, पुरुष हात जोडू लागले. एका वकिलाने तर चाकावर डोकं टेकवलं आणि कपाळाला ग्रीस लावून घेतलं.

भिंतीशी उभ्या असलेल्या क्युरेटरबाईंना मात्र हसू आवरेना. या इंजिनाची नळी न् नळी त्यांनी स्वतः उभं राहून साफ करून घेतली होती. इंजिनाला पाणी लागतं हे खरं, पण ते बॉयलरमध्ये. भट्टीत ओतलं तर आग विझते. चहाला पाणी हवं म्हणून ते कुणी शेगडीत ओततं का? इंजिनाशेजारच्या फलकावर हे सगळं चित्रासकट लिहिलेलं होतं. त्या फलकाला आज भक्तांनी पिशव्या अडकवल्या होत्या.

बाईंनी संग्रहालयाच्या अध्यक्षांना गाठलं. "साहेब, हा माणूस लबाड आहे. भट्टीत त्याने काहीतरी ठेवलंय. मला उघडून बघू द्या."

"आधी बाहेरची रांग बघा, बाई," अध्यक्ष खुशीत होते. "तुमच्या फलकांनी आजवर एवढी माणसं आणली का? आणि केबिनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं बाबांनी बजावलंय. इंजिन रुसतं."

"लोखंड रुसत नाही, साहेब. गंजतं."

"हेच तुमचं चुकतं. तुम्हाला भावना म्हणून नाहीत."

वाफ ओसरली की बाबा लांब पळीने भट्टीतली पांढरी भुकटी काढत आणि कागदाच्या पुड्यांतून वाटत. ही म्हणे इंजिनाची राख. न जळलेल्या कोळशाची राख! गुडघ्याला चोळा, कळ जाते. उशाखाली ठेवा, झोप येते. डोळ्यांत घाला, पडदा विरघळतो.

बाईंना संताप संताप झाला, पण त्या दिवशी त्यांचं कुणी ऐकेना.

दुसऱ्या दिवशी कामावर असतानाच मामीचा फोन आला. "अगं, धावत ये! मामांचा डोळा पेटलाय नुसता!"

वडील गेल्यावर बाईंना मामांनीच वाढवलं होतं. मामा शिंपी. जन्मभर सुईत दोरा ओवला, आणि आता दाराची कडीसुद्धा चाचपावी लागत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन ठरलं होतं, पण सुरीचं नाव निघालं की ते तारीख पुढे ढकलायचे. कुणाला न सांगता ते बाबांच्या रांगेत उभे राहिले होते.

बाईंनी आल्या आल्या मामांचं डोकं नळाखाली धरलं. ते ओरडत होते, तरी सोडलं नाही. पाण्याची धार चालूच ठेवली आणि मग त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे धाव घेतली.

डॉक्टरणीने पापणी उलटून पांढरे कण टिपले. "घरात चुना लावायचं काम चाललंय का?"

"राख होती ती," मामा कण्हत म्हणाले. "इंजिनाची."

"राख कसली, काका? चुना आहे हा. बुबुळ पोळलंय."

बाई ताडकन उठल्या. "कळीचा चुना! त्यावर पाणी पडलं की तो उकळतो. वाफ त्याची, आणि मागे उरते ती ही भुकटी!"

"डावा गेला का?" मामांनी हळूच विचारलं.

"उजेड-अंधार कळेल. त्यापुढचं वचन मी देत नाही. उजव्यात घातलं नाहीत, हे नशीब समजा."

"घालणारच होतो," मामा म्हणाले. "पण डाव्यानेच एवढं ओरडायला लावलं की हात थांबला."

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. बाबांनी कळशी उचलली, तोच क्युरेटरबाई लोखंडी बादली आणि फावडं घेऊन केबिनमध्ये चढल्या.

"बाबा, आज पाणी बॉयलरमध्ये घाला. खरं इंजिन तिथूनच पितं."

बाबांचा चेहरा क्षणभर उतरला. "बाई, बाजूला व्हा! तुमच्या शंकेने त्याचा श्वास कोंडेल!"

"कोंडू दे." त्यांनी भट्टीत फावडं घातलं आणि पांढऱ्या ढेकळांनी बादली भरली. ती खाली शेडच्या मधोमध ठेवली, लोकांना मागे सरायला लावलं आणि बाबांचीच कळशी तिच्यात ओतली. "आता मंत्र म्हणत नाही. नुसतं थांबा."

लोक थांबले. ढेकळं तडकली, पाणी खदखदलं, आणि बादलीतून तश्शीच पांढरी वाफ उसळली.

आणि मग एक म्हातारी पुढे येऊन चक्क बाईंच्या पायाशी वाकली. "बाईंच्या हातातही सिद्धी आहे गं!"

"उठा, आजी!" बाई कडाडल्या. "सिद्धी चुन्यात आहे, आणि चुना कुठल्याही चुनाभट्टीवर पोत्याने मिळतो!"

"अश्रद्धांना चुनाच दिसायचा!" बाबा ओरडले. "राख पवित्र आहे!"

तेव्हा डॉक्टरीण पुढे आली. तिच्या हातात बाबांचीच एक पुडी होती. "मग ही तुमच्या डोळ्यात घाला. एवढीशी. मी पाणी घेऊन शेजारी उभी राहते."

बाबांनी पुडीकडे पाहिलं. मग दाराकडे.

"घाला की, बाबा," मामा म्हणाले. डोळ्यावर पट्टी, हात मामीच्या खांद्यावर. "मी घातली होती. तुमचं ऐकून."

बाबांनी उडी मारली ती रुळांतच. झगा दांड्यात अडकून टरकन फाटला. सगळ्यांत आधी त्याची मानगूट धरली ती वकीलसाहेबांनी. कालपर्यंतचे भक्तच तावातावाने त्याला पोलिसांच्या हवाली करून आले. आपल्याला पहिल्यापासून संशय होता, असं अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. असल्या माणसांना संशय नेहमी पहिल्यापासूनच असतो, फक्त तो शेवटी बाहेर पडतो.

मामांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. टेबलावर आडवं होण्याआधी त्यांनी डॉक्टरणीला भंडावून सोडलं. हे औषध कशाचं? सुरी कुठे लावणार? दुखलं तर काय करायचं? बिघडलं तर? तिने एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि 'बिघडूही शकतं' हेही लपवलं नाही.

आता मामा दिसेल त्याला एकच गोष्ट सांगतात. तुमच्या डोळ्याला कुणी हात लावू लागला, की आधी विचारा, हातात काय आहे. सांगितलं तर ऐका, पटलं तर पुढे जा. आणि विचारल्याचा त्याला राग आला, तर डोळा मिटून घ्या आणि सरळ घरी या.