आवाज काढला नाही

त्या दिवशी आई माझ्या माहेरच्या गावाहून, कोनहून, निवट्या घेऊन आली होती. खाडीच्या चिखलातले बोटभर मासे, जिवंतच, स्टीलच्या डब्यात. डब्यावर ताटली ठेवून वर फडकं बांधलं होतं, तरी रिक्षातून उतरून लिफ्टनं वर येईपर्यंत ताटली आतून वाजत राहिली. लिफ्टमधली एक बाई घाबरून मधल्याच मजल्यावर उतरली, हे तिनं मला दोनदा सांगितलं. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटवर ती कधी रिकाम्या हातानं आली नाही आणि कधी खुर्चीवर बसली नाही. स्वयंपाकघरात फरशीवर बसून ती निवट्यांना राख चोळायला लागली. राख लागली की ते अंग आक्रसून घेत, तोंड उघडत, मिटत.

मला पाचवा महिना होता. वास सोसवेना म्हणून मी दारातच उभी होते. यांना दुखत असेल ना, असं मी विचारलं.

"ओरडला का त्यातला कोन?" आई म्हणाली. "नाय ना? मंग. तुमी शिकलेली मानसा नको ते इचारीत बसता."

आमच्याकडे दुखण्याचं हेच मोजमाप होतं. बाई बाळंत होताना आवाज काढत नाही. काढला तर तो तिला जन्मभर ऐकवला जातो. मालूकाकीचा आवाज एकदा रस्त्यापर्यंत गेला होता, तर आज साठी उलटल्यावरही लग्नाच्या हळदीत कुणीतरी बाई तिची नक्कल करते आणि काकी पदरात तोंड लपवून हसते. आईच्या वेळी ओटीवर पत्ते खेळत बसलेल्या माणसांना मूल रडेपर्यंत पत्ता नव्हता. हे तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. इतर बायका सांगायच्या आणि ती मान खाली घालून ऐकायची.

निवट्या साफ करता करता ती मध्येच थांबली. राखेचा हात तिनं छातीखाली, बरगड्या जुळतात तिथं, सपाट ठेवला. डावी भुवई खाली आली, नाकाच्या बाजूच्या रेघा खोल झाल्या, ओठ मिटून दोन्हीकडे ताणले गेले. ती हसू दाबते आहे असं परक्याला वाटलं असतं. मी काय झालं म्हणून विचारलं.

"कायच नाय," ती म्हणाली, आणि चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला. साडीवर छातीपाशी राखेचा पंजा उमटला होता. संध्याकाळी ती तशीच घरी गेली.

सकाळी ती ओटीवर भिंतीला टेकून बसलेली सापडली.

पोटुशी बाईनं मेलेल्याचं तोंड पाहायचं नसतं. मालूकाकीनं मला अंगणातूनच वळवलं आणि शेजारच्या घरात, खिडकीकडे पाठ करून बसवलं. मी एका कॉलेजात शिकवते, पुष्कळ वाचते, आणि असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दिवशी भांडायला माझ्यात काही उरलं नव्हतं. आई माझ्या पाठीमागून गेली. तिचा चेहरा मी पाहिला नाही.

नंतर मी काकीला विचारलं. आंघोळ तिनंच घातली होती.

"आवाज नाय काढला गो तिनं," काकी म्हणाली. तिच्या रडण्यात कौतुक होतं. "भिंतीपलीकडं प्रितम निजला व्हता, त्याला पन नाय कलला." प्रितम माझा भाऊ. मग तिनं आवाज उतरवला. "तोंड यवरा घट्ट मिटलेला, का आमी तुलस-पानी घालाया गेलो तर उघडंना. दोघी जनींनी धरला. नायच. पानी तसाच ओठांवरना खाली गेला."

जाताना तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. "ती गेली नाय. हितंच आली."

मी हात बाजूला केला.

त्या आठवड्यापासून बाळाचं हलणं बदललं. आधी ते मनाला येईल तिथं लाथ मारायचं. आता लाथ नव्हती. एक संथ दाब यायचा, छातीखाली, बरगड्या जुळतात तिथंच, कुणी आतून तळहात टेकवल्यासारखा. थोडा वेळ तो राहायचा, मग जायचा. माझा नवरा प्रणित तिथं हात ठेवायचा तेव्हा काहीच नसायचं. पुढे तो दाबही विरळ होत गेला. काकी फोनवर म्हणाली, चांगलं आहे, गुणाचं पोर आहे, आजीवर गेलंय. फोन ठेवून मी डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर हेतल गर्भातल्या बाळांवर उपचार करतात. त्यांनी बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजला आणि समजावून सांगितलं. माझं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. आधीचा माझा गर्भ टिकला नव्हता, तेव्हापासून माझ्या रक्तात काहीतरी तयार झालं होतं, आणि ते आता या बाळाच्या रक्तपेशी मोडत होतं. बाळ गुणाचं नव्हतं. त्याच्यात हलायला रक्त नव्हतं. पोटातच रक्त चढवलं नाही तर ते जगणार नव्हतं.

मग त्यांनी बाळाचा चेहरा दाखवला. हल्ली पडद्यावर चेहरा मातीच्या मूर्तीसारखा उभा राहतो, तपकिरी, उठावाचा. डोळे मिटलेले. डावी भुवई जराशी खाली. नाकाच्या बाजूला, एवढ्याशा गालात, खोल रेघा. ओठ मिटून ताणलेले.

"बघा, हसतंय," डॉक्टर म्हणाल्या.

प्रणित खूश झाला, फोटो मागितला. मी पडद्याकडे बघत राहिले. कोनच्या अंगणात मला जो पाहू दिला नव्हता, तो चेहरा माझ्याकडे तोंड करून होता.

रक्त चढवायच्या आधी मी वाचता येईल तितकं वाचलं. सहावा महिना सरताना बाळाला दुखतं का, यावर एकमत नाही. कुणी म्हणतात, मेंदूतल्या तारा अजून जुळलेल्या नसतात. कुणी म्हणतात, त्याआधीही काहीतरी पोहोचतं. बाळाला विचारता येत नाही, म्हणून चेहरा बघतात. भुवया, डोळे, नाकाच्या रेघा आणि मुख्य म्हणजे तोंड. दुखलं की बाळ आतल्या आत तोंड उघडतं, रडल्यासारखं. पाण्यात असल्यामुळे ते ऐकू येत नाही एवढंच.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. सुई नाळेत घालता आली तर बाळाला कळतही नाही, कारण नाळेला संवेदना नसते. पण बाळ नाळेच्या मुळावर आडवं झालं होतं. सुई त्याच्या पोटातून यकृतापर्यंत न्यावी लागणार होती.

"पूर्वी," त्यांनी मला नावानं हाक मारली, "दुखू नये म्हणून औषध तुमच्या शिरेतून देणार. तुमच्यातून ते बाळाला जातं. जास्त झालं तर तुमचा श्वास मंदावेल, म्हणून थोडं थोडं. पुरलं की नाही, हे मी दोन गोष्टींवरून ठरवते. बाळाचा चेहरा, आणि तुम्ही काय सांगता. म्हणून हिरोगिरी नको हं. दुखलं की सांगायचं."

मी मान हलवली. सोपं होतं.

खोली थंड होती. एका पडद्यावर करडं चित्र आणि त्यात सुईची पांढरी रेघ, दुसऱ्यावर चेहरा. सिस्टर अनुया चेहऱ्याच्या पडद्यापाशी उभी राहून कागदावर खुणा करत होती. प्रणितला बाहेर थांबवलं होतं. कातडी बधिर केली होती, त्यामुळे आधी नुसता दाब जाणवला. मग सुई गर्भाशयाच्या भिंतीतून आत गेली आणि ती कळ कमरेतून मांड्यांपर्यंत उतरली. माझ्या हाताखालची चादर मुठीत आली.

"पूर्वी, दुखतंय का?"

"काही नाही," मी म्हणाले.

मी ठरवून म्हणाले नाही. ते आपोआप आलं, आणि आवाज माझा नव्हता. खालचा, सपाट, निवट्यांवर वाकून बसलेला.

त्याच क्षणी पडद्यावरचा चेहरा बदलला. डावी भुवई खाली आली. रेघा खोल गेल्या. ओठ एकमेकांवर दाबले गेले आणि दोन्हीकडे ताणले. सुई अजून त्याला लागली नव्हती. माझं उत्तर आत ऐकू गेलं होतं, आणि आतल्यानं ते शिकून घेतलं होतं.

"तोंड बंद आहे मॅडम," अनुया म्हणाली. "एकदम शांत आहे."

"गुड. मग औषध वाढवायला नको." डॉक्टरांनी सुईची दिशा किंचित बदलली. पांढरी रेघ करड्या चित्रात पुढे सरकली. तिचं टोक बाळाच्या पोटाशी येऊन थांबलं. "सगळं छान चाललंय. आता आत जाते."

छातीखाली, बरगड्या जुळतात तिथं, तळहात टेकला. यावेळी दाब संथ नव्हता. मला बोलायचं होतं आणि माझं तोंड उघडत नव्हतं. दातांवर दात बसले होते, ओठ ताणलेले मला जाणवत होते, दोन्हीकडे, भुवईसुद्धा. कुणी वरून पाणी घातलं असतं तर ते ओघळून गेलं असतं. अनुयानं माझ्याकडे पाहिलं आणि धीर द्यायला हसली. मीही हसते आहे असं तिला वाटलं असावं.

पडद्यावर तोच चेहरा. वाट बघत असल्यासारखा, आता काय करायचं असतं ते मला विचारत असल्यासारखा.

मी नाकानं श्वास घेतला. जबडा हलला तेव्हा कानापाशी काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला.

"दुखतंय," मी म्हणाले. डॉक्टरांचा हात थांबला. आवाज अजून लहान होता, म्हणून मी तो मोठा केला, दाराबाहेर जाईल इतका, कोनच्या रस्त्यापर्यंत जाईल इतका. "डॉक्टर, थांबा. दुखतंय. मला दुखतंय, त्यालाही दुखतंय. आम्ही सांगत नाही."