कोऱ्या कागदांवरचा शिक्का

मित्रांनो, मला हातात घेऊन पाहिलेत तर माझ्या चेहऱ्यावरचे एकही अक्षर तुम्हाला सरळ वाचता येणार नाही. मी एका कंपनीचा जुना शिक्का आहे. गोल, रबरी, जांभळ्या शाईने माखलेला. माझ्याजवळ वेळ थोडा आहे आणि मी घाबरलेलो आहे. सांगताना मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा चेहरा आमच्या दुमयात गावच्या बाजारात कापला गेला, पण माझी लाकडी मूठ हज करून आलेल्या हाज शहाता हिलबावी यांनी स्वतःच्या कातयंत्रावर काढली. हाज आणि त्यांचा धाकटा भाऊ रिज्क यांनी खुर्च्यांचा कारखाना काढून मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून नोंदवला, त्याच आठवड्यात माझा जन्म झाला. कैरोला निघालेल्या प्रत्येक गाडीच्या कागदावर मी उमटलो. आमच्या गावात मजकूर कोणी फारसा वाचत नाही. शिक्का दिसला की माणूस मान डोलावतो. काम झाले की हाज माझा चेहरा फडक्याने पुसत आणि मला छातीजवळच्या खिशात ठेवत. त्यांच्या काळजाचा ठोका मला ऐकू येई.

एका हिवाळ्यात तो ठोका थांबला. कारभार त्यांच्या पत्नीकडे, हाज्जा बहिय्यांकडे आला. लाकूड नुसते हुंगून त्याची जात सांगणारी ही बाई शाळेत कधी गेली नव्हती. पन्नाशी उलटल्यावर सही तेवढी शिकली. त्या सहीचा तिला अभिमान होता, आणि सहीपुढे काही येत नाही याची तितकीच लाज.

पुढे गिऱ्हाईक आटले आणि कारखान्याला कुलूप लागले. शेवटच्या दिवशी तीन जुने कारागीर दाखला मागायला आले: नक्षीवाला अतवा, पॉलिशवाला बदीर आणि कातारी दसूकी. इतकी वर्षे इथे काम केले, एवढेच त्यांना लिहून हवे होते. लिहिणारा कारकून महिन्यापूर्वीच गेला होता. "मला लिहिता येत नाही," हे चार शब्द हाज्जांच्या तोंडून निघेनात. त्यांनी तीन कोरे कागद घेतले, प्रत्येकाच्या तळाशी सही केली आणि मला सहीवर दाबले.

"वर काय पाहिजे ते लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय परके आहात?"

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. कोऱ्या कागदावर सही आणि शिक्का म्हणजे उघड्या विहिरीच्या काठावर ठेवलेले तान्हे मूल. दाखल्याऐवजी तिथे 'हाज्जांनी माझा माल सांभाळायला घेतला आणि गिळला' असे कोणी लिहिले तर? असल्या कागदापायी आमच्याकडे माणसे तुरुंगात गेलेली आहेत. मला बिस्किटांच्या डब्यात टाकले गेले. चार वर्षे त्या अंधारात मी जिन्यावरचे प्रत्येक पाऊल ऐकत राहिलो. आला का कोणी तो कागद घेऊन?

एका सकाळी रिज्क आला.

"वहिनी, कर कार्यालयाचं पत्र आलंय. चार वर्षांचं विवरण का भरलं नाही, विचारतात."

"कारखान्यात कोळ्यांनी जाळी विणलीत म्हणावं. त्यांचं विवरण भरू?"

"थट्टा नको. कुलूप दाराला लागतं, कंपनीला नाही म्हणे."

मग हिशेबतपासनीस महासिन घरी आली; शिकलेली बाई म्हणून तिला सगळे 'उस्ताजा' म्हणत. चहाचा ग्लास हातात धरून ती शांतपणे म्हणाली, "हाज्जा, श्वास थांबला तरी मृत्यूचा दाखला लागतोच ना? कंपनीचंही तसंच. तुमची कंपनी सरकारच्या वहीत अजून धडधाकट जिवंत आहे."

तेव्हा मला कळले की कंपनी मरते ती पायरीपायरीने. आधी दोघा भागीदारांनी ठराव केला आणि महासिनला अवसायक नेमले, म्हणजे कंपनीची सगळी आवराआवर तिच्या हाती दिली. ठरावाची व्यापार नोंदणीत नोंद झाली. त्या दिवसापासून हाज्जांची सही कंपनीसाठी संपली. कंपनीच्या नावापुढे 'अवसायनात' हा शब्द लागला, आणि मी उमटलो की महासिन तो शब्द बाजूला हाताने लिही. कोणाचे काही मागणे असेल तर मुदतीत या, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. कारागिरांची नावे विमा कार्यालयात अजून नोंदलेली होती, ती काढून घेतली. काही देणे बाकी नाही, असे सांगणाऱ्या कर कार्यालयाच्या निर्वेध पत्रासाठी रिज्कने सात खेपा घातल्या.

पण पहिल्याच दिवशी महासिनने विचारले होते, "सही-शिक्का केलेला कोरा कागद बाहेर कुठे नाही ना?"

"नाही," हाज्जा म्हणाल्या.

मला डब्यातून काढून टेबलावरच ठेवले होते. मला ओरडावेसे वाटले. पण कागदावर दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मुदत संपायला आठ दिवस उरले तेव्हा महासिनने एक निवेदन पुढे केले. कंपनीचे आणखी कोणतेही बंधन माझ्या माहितीत नाही, असे माजी व्यवस्थापक म्हणून हाज्जांनी लिहून द्यायचे होते. हाज्जांनी लेखणी उचलली. ती कागदावर टेकेना.

"काय झालं, वहिनी? सही विसरलात की काय?" रिज्क म्हणाला.

"तीन आहेत," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "तीन कोरे कागद. मला लिहिता येत नव्हतं, रिज्क. कसं सांगणार होते?"

महासिन रागावली नाही, पण तिने ग्लास खाली ठेवला. "आजच्या तारखेला तुमची सही चालणार नाही. पण मागची तारीख टाकून कोणी काही लिहिलं, तर कंपनीचं नाव सरकारच्या वहीतून खोडल्यावरही तो कागद तुम्हाला कोर्टात उभं करील. कागद परत आणा."

अतवाने आपला दाखला तेव्हाच नीट लिहून घेतला होता. बदीरचा कोरा कागद त्याच्या बायकोने गादीखालून काढून दिला. दसूकीचा पत्ता मात्र लागेना. घर सोडून तो मासेमारांच्या वस्तीत गेला, एवढेच कळले. एक एक दिवस सरत होता. हाज्जांनी जेवण टाकले. दारावर थाप पडली की त्या भिंतीला धरून उभ्या राहत, आणि डब्याबाहेर असूनही माझा जीव डब्यात कोंडल्यासारखा होई.

सातव्या दिवशी दुपारी दसूकी स्वतः आला. वर्तमानपत्रातली जाहिरात कोणीतरी त्याला वाचून दाखवली होती. त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. तळाशी मी होतो, फिकट. वर काहीच नव्हते.

"लिहून का नाही घेतलंत, दसूकीकाका?" महासिनने विचारले.

"लिहायचं काय त्यात? शिक्का आहे ना, हाज्जांची सही आहे ना. मला वाटलं, सगळं त्यातच असतं." त्याने कागद तळहाताने सरळ केला. "चार वर्षं कारखान्या-कारखान्यांतून दाखवत फिरलो. लोक हसायचे. एक जण म्हणाला, आजोबा, हा कागद नव्हे, रुमाल आहे. आता जाळी शिवतो."

"मग माझ्याकडे का नाही आलास?" हाज्जांनी विचारले.

"तुमच्या सहीला लोक हसतात, हे तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं?"

हाज्जा खाली बसल्या. चार वर्षे मी ज्या माणसाच्या पावलांना घाबरलो, तो आमच्यावर विसंबून उपाशी फिरत होता. खोटे कोणीच लिहिले नव्हते. आमच्याकडून खरे लिहायचे राहून गेले होते.

महासिनने नवा कागद घेतला. दसूकीने एकोणीस वर्षे कातकाम केले, हे तिने अवसायक म्हणून लिहिले. हाज्जांनी प्रत्येक ओळ तिच्याकडून वाचून घेतली, मगच मला उचलून तिच्या हाती दिले. इतक्या जोराने मी कधी उमटलो नव्हतो. विरलेला कागद आणि बदीरचा कोरा कागद त्यांनी चुलीत घातले, आणि मग निवेदनावर सही केली.

आज कंपनीचे नाव वहीतून खोडले गेले. आता माझी पाळी. मेलेल्या कंपनीचा शिक्का जिवंत ठेवू नये, असे महासिन सांगून गेली आहे. अंगणात रिज्क पटाशीला धार लावतो आहे. तो आवाज मला ऐकू येतो, आणि खोटे कशाला सांगू, मी थरथरतो आहे.

मित्रांनो, येत नसेल ते 'येत नाही' म्हणा. त्याने कोणी मरत नाही. जे उघडाल ते शेवटच्या पायरीपर्यंत नीट बंद करा. आणि माझ्या भावंडांना कोऱ्या कागदावर कधी दाबू नका. आम्ही ज्याच्या हाती जातो, तो आमच्यावर विश्वास ठेवतो.

धार लावून झाली. हाज्जा दाराशी येऊन म्हणताहेत, "थांब रिज्क, आधी त्याचा चेहरा पुसते."