ठमाबाईचं कडवं

"अक्का, तुमचा तं पार चुरमा झाला की गो!" मंजुळा काँप्युटरच्या काचेवर बोट ठेवून हसली. "कणगीभर गानी दिलीव, आन् निघाली बघा वाटीभर."

गोदूबाईने पदर ओठांवर धरला. महाडच्या एसटी स्टँडमागच्या त्या खोलीत पंखा फिरत होता, तरी तिच्या मानेला घाम फुटला. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या, एक तिच्या गाण्यांची, एक मंजुळेच्या. मघाशी तिचीच लांब होती. आता मंजुळेची अर्ध्यावर आली होती आणि तिची करंगळीएवढी उरली होती.

"हसू नकोस गं, धाकटी मामी," अमिता म्हणाली. ती या दोघी जावांची भाची. या खोलीत ती मुलांना काँप्युटर शिकवायची. पुण्याच्या एका संस्थेसाठी तिने पोलादपूर तालुक्यातली हळदीची गाणी जमवून टाइप केली होती, आणि ती सगळी एका फ्लॉपीत बसवायची होती. त्यासाठी तिने गाणी आवळून लहान करणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पण आवळण्याचं खरं काम त्याला जोडलेली लायब्ररी करत होती. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, तयार कोडची. परदेशात कुणीतरी ती लिहून जगाला मोकळी करून दिली होती. उघडा, बघा, वापरा. पाणवठ्यावर कुणी कळशी भरावी, तशी.

"फुकटच्या वस्तूचा काय भरोसा?" गोदूबाई म्हणाली.

"मग तुझी गाणी काय विकतची आहेत, मोठी मामी?" अमिता हसली. "अगं, एकदा आलेली ओळ पुन्हा आली की ते ती लिहीतच नाही. नुसतं लिहितं, 'मागं बघ, तिथं आहे.' आपण ध्रुवपद एकदाच लिहितो ना, तसं. तुझ्या ओळी फिरून फिरून येतात, म्हणून तुझं इतकं लहान झालं. उघडलं की पुन्हा सगळं जसंच्या तसं. फक्त नावं तेवढी त्याला नव्यानं लिहावी लागतात. नावं काही दाबली जात नाहीत."

गोदूबाईने यातलं एवढंच ऐकलं, की आपलं लहान झालं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मंजुळेने शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

"खा की. रुसलाव व्हय?"

"माला दात नायत."

"सकाली तं भाकरीचा पापुद्रा कडाकडा चावलाव!"

गोदूबाईने तोंड खिडकीकडे वळवलं. सावित्री नदीचं पाणी गाडीबरोबर चालत राहिलं आणि तिच्या मनातलं कुसळ तिच्याबरोबर.

ते कुसळ जुनं होतं. उमरठच्या वरच्या वाडीत मंजुळा नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गोदूबाईच्या मागे बसून, तिची ओळ झेलून झेलून ती शिकली. मग तिला स्वतःचं फुटू लागलं, कलमाला फुटावं तसं. दर लग्नाला नवं गाणं. विहिणीची अशी खोड काढायची, की बाया पोट धरून लोळायच्या. आता खालच्या गावांतून बोलावणी यायची ती मंजुळेला. गोदूबाईला म्हणायचे, "तुमीपन या." त्या 'पन'ने तिचा घास अडायचा. आणि आता काँप्युटरनेही तेच सांगितलं होतं. त्याची तर कुणाशी भाऊबंदकी नव्हती.

लग्नही मंजुळेच्याच घरचं आलं. तिच्या लेकीला, मीनाला, बिरवाडीचा, कारखान्यात कामाला असलेला मुलगा मिळाला. हळदीचं गाणं पहिलं उचलायचा मान थोरल्या जावेचा. गोदूबाईने मनाशी गाठ मारली. यंदा एकही ओळ फिरून यायची नाही. शेण थापताना, गुरं पाणवठ्यावर नेताना ती ओळी जुळवत राहिली. म्हैस वळून बघायची. तिला वाटायचं आपल्यालाच काही म्हणतायत.

हळदीच्या दिवशी मांडवात मीना पाटावर बसली. भोवती वाडीतल्या बाया, प्रत्येकीने वाटीतली हळद तळहातावर घेतलेली. वाडीची रीत अशी होती, की गाण्यात नाव आलं की त्या बाईने उठायचं, नवरीला हळद लावायची. नाव आल्याशिवाय कुणी उठत नसे. गोदूबाईचं गाणं म्हणूनच लांबायचं. दर बाईला तेच कडवं, नाव तेवढं वेगळं:

*ये गो बाये, मांडवात ये, पाटावरी चांदणं,*
*गीताकाकीच्या हळदीनं उजळं लेकीचं नांदणं.*

यंदा गोदूबाईने ते उचललंच नाही. ती उभी राहिली आणि खड्या आवाजात सुरू झाली:

*इहीण आली बिरवाडीची, पायी घातलं सँडल,*
*यष्टीतनं उतरताना हातात आलं हँडल!*

मांडव हशाने फुटला. "गोदूबाय, आज काय खाल्लाव गो!" काशीबाई ओरडली. गोदूबाई थांबली नाही. घाटातला टॉवर आला, जावयाचा मोबाइल आला, डोंगरावर चढूनही त्याला न मिळणारी रेंज आली. एक ओळ दुसरीसारखी नव्हती. हसता हसता बायांना रीतीचं भानच राहिलं नाही. ज्या पुढे होत्या त्या उठल्या, गर्दीने मीनाला हळद फासून मोकळ्या झाल्या. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. गोदूबाईच्या छातीत किती वर्षांनी थंड वारा शिरला. तिने मंजुळेकडे पाहिलं.

मंजुळा हसत नव्हती. तिचा चेहरा उतरला होता.

गोदूबाईला तो चेहरा गुळासारखा लागला. चघळावा, पुरवून पुरवून चघळावा. मग तिच्या ध्यानात आलं, की मंजुळा आपल्याकडे बघतच नाही. ती बघतेय आपल्या मागे.

गोदूबाई वळली. मांडवाच्या मेढीला टेकून ठमाबाई बसली होती. तिचा नवरा तरणाबांड असताना मुंबईला गेला तो गेलाच. मेल्याची खबर नाही, जगल्याची नाही. कपाळावरचं कुंकू तेवढं त्याच्या नावाने राहिलं. ना पोर, ना भाऊबंद. कुणाच्या आमंत्रणात ती नसायची, पण गोदूबाईच्या गाण्यात असायची. शेवटचं कडवं तिचं. त्या एका कडव्यापुरती ती मांडवाच्या मधोमध यायची, वाडीतल्या प्रत्येक लेकीला तिचा हात लागलेला होता.

तिने उजवा तळहात मांडीवर उताणा ठेवला होता. त्यावरची हळद वाळून तडकली होती. ती कुणाकडे बघत नव्हती, तिची नजर त्या हाताकडे होती.

"चला, नवरीला उठवा न्हाणीकडं," कुणीतरी म्हणालं. मीना उठू लागली.

"बस गो जराशी," मंजुळा लेकीला म्हणाली. आणि तिने गोदूबाईचं जुनं कडवं उचललं. तोच चढ, तीच लकब, 'चांदणं'वर घेतलेली तीच गिरकी. इतक्या वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.

*ये गो बाये, मांडवात ये, पाटावरी चांदणं...*

एवढं म्हणून ती थांबली. "अक्का," ती हळूच म्हणाली, "नाव तुमी घ्या."

 आपलंच गाणं हिच्या गळ्यात आपल्याहून गोड लागतंय, हे गोदूबाईने ऐकलं होतं.  ठमाबाईने मान वर केली नव्हती.

*ठमामावशीच्या हळदीनं...* गोदूबाईने नाव घेतलं. *...उजळं लेकीचं नांदणं.*

बायांनी ओळ झेलली. ठमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, पाटापाशी आली आणि थांबली. वाळलेली हळद आता लागायची नव्हती. ती भुगा होऊन पडत होती.

गोदूबाई खाली बसली. तांब्यातल्या पाण्यात तिने बोटं बुडवली, ठमाबाईचा हात आपल्या हातात घेतला आणि त्या तळव्यावर थेंब थेंब सोडत राहिली, पिवळं पुन्हा ओलं होईपर्यंत. मागे मंजुळा तीच ओळ फिरून फिरून गात होती.