बंद इंजिनातून वाजलेलं गाणं

मित्रांनो, मला टोपण होतं, ते हरवलं. अंगावर कंपनीचं नाव होतं, तेही घासून गेलं. आता उरलोय तो एक म्हातारा पेनड्राइव्ह. गळ्यात काळा दोरा आणि पोटात गाणी. तीही अशी तऱ्हेतऱ्हेची, की मी नेमका कसल्या गाण्यांचा, हे माझं मलाच उमगत नाही.

जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला म्हणे. त्यातलं मला काही आठवत नाही, खोटं कशाला सांगू? मी शुद्धीवर आलो तो थेट नुजहतच्या दुकानात, उचगावच्या रस्त्याला. मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि ट्रॅक्टरवाल्यांना गाणी भरून देणं, हा तिचा धंदा. पहिली काही वर्षं माझ्या पोटात नुसती सिनेमाची गाणी होती. गिऱ्हाइकं खूश, मीही खूश. मग नुजहतला नाद लागला. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही, ज्यांच्या पाठीशी कंपनी नाही, अशांची गाणी ती त्यांच्याकडूनच मागून आणायची आणि माझ्यात भरायची. शाहूवाडीची दोन पोरं गिटार घेऊन किंचाळतात, ते माझ्यात. गडहिंग्लजकडचं अर्धं कन्नड, अर्धं मराठी भजन, तेही माझ्यात. हलगीवर कॉम्प्युटरचे चित्रविचित्र आवाज चढवलेलं काहीतरी, तेसुद्धा! भजन संपून किंचाळणं सुरू झालं की मला गरगरायचं. ह्या सगळ्यांनी एका घरात नांदायचं कसं, सांगा बरं?

नुजहतची एक रीत होती. ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला आला, की त्याची फर्माईश भरून द्यायची आणि वर मलाही त्याच्या हातात ठेवायचं. "एक खेप ह्यो लावून बघा. परत देताना एवढंच सांगायचं, कुठलं गाणं पुन्यांदा लावलं." जे कुणीतरी पुन्हा लावलं, ते ती पुढच्या गिऱ्हाइकांना हौसेनं ऐकवायची. जे कुणीच लावलं नाही, ते पुसून नव्याला जागा करायची.

एकदा कबनूरहून तौसीफ आला. यंत्रमागावर काम करणारा, थोडा लाजरा गडी. त्यानं चालू मागाशेजारी उभं राहून मोबाइलवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. सुरुवातीला बराच वेळ नुसतं खटक-खट, खटक-खट. मग कुठं त्याचा आवाज. नुजहतनं कपाळाला हात लावला.

"तौसीफ, आवाज गोड हाय रे. पण ह्यो खडखडाट कमी हुतोय काय?"

"आपा, त्याच तालावर म्हणलंय की. ताल काढला तर म्हणू कशावर?" मग तो खाली बघत म्हणाला, "घरात सगळी म्हणत्यात, गाण्याचं खूळ सोड आता. मी बी ठरवलंय. एकानं जरी ह्ये पुन्यांदा लावलं, तर सोडत न्हाय. न्हायतर ह्येच शेवटचं."

आता हे ठेवायचं कुठं? भजनात बसेना, रॅपमध्ये बसेना. शेवटी नुजहतनं नवा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं, ‘कळत न्हाय’. मला बरं वाटलं. निदान माझ्यासारखं गोंधळलेलं कुणीतरी सोबतीला आलं.

पण मित्रांनो, त्या गाण्याचे फार हाल झाले. खटक-खट सुरू झालं की ड्रायव्हर पुढचं गाणं लावायचे. "ताई, त्ये डबं वाजवल्यागत काय भरलंईसा?" असं तोंडावर सांगायचे. मला तौसीफचा चेहरा आठवायचा आणि जीव तुटायचा. गाणं खरंच वाईट आहे, की ह्यांचे कान वाईट? मला काही ठरवता येईना.

मग मी गडहिंग्लजच्या कृष्णात नावाच्या ट्रॅक्टरवाल्याकडं गेलो. हंगाम भरात होता. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरांची ही लांब रांग. कृष्णातही दोन ट्रॉल्या लावून रांगेत उभा. इंजिन चालू, मीही चालू. आणि सुरू झालं की खटक-खट, खटक-खट!

कृष्णात ताडकन उडालाच. "आयला, इंजान गेलं!" त्यानं चावी फिरवली, इंजिन बंद केलं. पण त्याचा टेप थेट बॅटरीला जोडलेला. खटक-खट चालूच! बंद इंजिन वाजतंय म्हटल्यावर त्याला घामच फुटला. बॉनेट उघडलं, चार माणसं जमली. आण्णा नावाचे जुनेजाणते ड्रायव्हर पुढं झाले, कान लावला आणि म्हणाले, "पिस्टन गेलाय."

"आवं आण्णा, बंद गाडीचा पिस्टन वाजतोय कसा?"

"मला शिकवू नगंस!"

तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून तौसीफ गायला लागला.

"धोटा गेला, धोटा आला,
गेला भाऊ न्हाई आला..."

धोटा म्हणजे मागात इकडून तिकडं धावणारा तो लाकडी तुकडा. मग असा हशा उसळला की बैलगाडीवालेही धावत आले. आण्णा मात्र चिडले. "हसताय काय? पिस्टनचा बी आवाज हाय त्यात. लाव परत!" कृष्णातनं परत लावलं. पुन्हा वाद, पुन्हा गाणं. रांग पुढं सरकेपर्यंत हेच चाललं. मी पार चक्रावून गेलो. हे पुन्हा लावणं म्हणायचं, की नुसतं भांडण?

कृष्णातनं मला परत दिलं तेव्हा हसत हसत सांगितलं, "ताई, तुमच्या गाण्यानं बॉनेट उघडाय लावलं की!" बास. पुढं एक शब्द नाही. नुजहतचा चेहरा पडला. अहो, कितीदा लावलं ते सांगा की! मी आतल्या आत ओरडत होतो. ऐकणार कोण?

ते गाणं पुसायला नुजहतनं मला कॉम्प्युटरला लावलं आणि तौसीफला फोन केला. स्पीकरवरच. "तौसीफ, वाईट वाटून घिऊ नगंस. पण तुझं गाणं कुणी..."

कृष्णात काउंटरला टेकून चहा पीत होता. त्याचं फोनकडं लक्षही नव्हतं. बोटं मात्र काचेवर पडत होती, खटक-खट, खटक-खट. आणि तोंडातून आपसूक बाहेर आलं, "धोटा गेला, धोटा आला, गेला भाऊ न्हाई आला..."

नुजहतचा माऊसवरचा हात थांबला. पलीकडून तौसीफनं विचारलं,

"आपा, कोण म्हणतंय त्ये?"

"गडहिंग्लजचं पावणं हायत एक."

तौसीफ लगेच म्हणाला, "त्यास्नी सांग, दुसरी ओळ खाली घ्यायची असती. त्ये वर न्येत्यात. थांबीव त्यास्नी, मी यीतोय. नवं बी एक हाय, त्ये बी आणतो."

मित्रांनो, ते गाणं वाद घालताना आवडलं की आवडल्यामुळं वाद लांबला, मला अजून समजलेलं नाही. पण एक सांगतो. आपल्याला गाणं आवडलंय, हे कृष्णातच्या गावीही नव्हतं. त्या वेळी फोन चालू नसता, तर? मी पोटात सगळं ठेवून गप्प बसतो, कारण मला तोंडच नाही. तुम्हाला आहे. अनोळखी माणसाचं गाणं ओठावर आलं, तर ज्यानं केलं त्याला तेवढं कळवा. तो बिचारा तिकडं वाट बघत असतो.