थांबलेला चिखल

माझी बायको एनिफा गेली तेव्हा तिच्याच गावात, घरापासून हाकेच्या अंतरावर माझं बोअरचं मशीन उभं होतं. भोक अर्धं झालं होतं आणि आत पाइप होते.

आमच्या सालिमा जिल्ह्यातली जमीन सगळी रेतीची. भोक ढासळू नये म्हणून आम्ही पाण्यात बेंटोनाइटची माती कालवून ते पातळ चिखलासारखं आत खेळवत ठेवतो. चिखल फिरता असला तर ताकासारखा असतो. थांबला की आळायला लागतो, आणि जितका थांबेल तितका अधिक आळतो. मग तो आतला पाइप धरून ठेवतो. जोर करून पंप मारला तर रेतीच फाटते, चिखल तिच्यात जिरतो आणि भोक गेलं. मशीन पुढच्या गावाला न्यायचं ठरलेलं होतं, त्यामुळे दुसरं भोक पाडायला वेळ नव्हता. एनिफाच्या गावाला पाणी मिळणार होतं ते याच भोकातून.

पण घरात प्रेत असताना आमच्याकडे कोणी कुदळ उचलत नाही, उखळात मुसळ पडत नाही. मशीन तर दूरच. आणि तिचा भाऊ गेरेसोमू जोहान्सबर्गहून बसने निघाला होता. तो येईपर्यंत माती द्यायची नव्हती.

मी सांडिफोलोमामांकडे गेलो. ते एनिफाचे मामा, घरात त्यांचाच शब्द चालतो.

"मामा, थोडा वेळ पंप लावू द्या. नाहीतर पाइप अडकतील."

"बायको घरात निजलीय आणि जावयाचा जीव चिखलात," ते म्हणाले. बायका ऐकत होत्या. माझी मान खाली गेली.

"तिच्याच गावाचं पाणी आहे, मामा."

"माझी भाची मातीत जाईपर्यंत या गावात इंजिन बोलणार नाही."

बाहेर अंगणात कबर खणणारे बसले होते. मयताच्या घरी काम करायची मुभा फक्त त्यांना. थट्टा करायचीही त्यांनाच. त्यांचा म्होरक्या बिस्विकी ओरडला, "अहो जावई, आमची कोंबडी कुठंय? उपाशीपोटी तुमच्या बायकोला खोल घर खणायचं का?"

त्याचं बोलणं ऐकताच मला सुचलं. मी मामांना म्हटलं, "इंजिन नको. हे लोक हाताने पाइप फिरवतील. खणणं त्यांचंच काम आहे ना?"

मामांनी खणणाऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "भोक ते भोक. त्यांना विचार."

"दोन कोंबड्या," बिस्विकी म्हणाला.

त्यांनी पाइप पकडायचे मोठे पाने लावले आणि चौघे चौघे मिळून पाइप गोल फिरवू लागले. थोडं फिरवायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. मी घरात एनिफाच्या उशाशी होतो. बाहेरून त्यांचं ऐकू यायचं.

"हा पाइप आहे की माझी सासू? जरा म्हणून हलत नाही!"

"गोड बोल तिच्याशी."

दर वेळी पाइप आधीपेक्षा जड लागत होता. हाताने फिरवून पाइपलगतचा चिखल तेवढा सुटायचा, बाहेरचा आपला आळतच होता. बिस्विकी दारात येऊन सांगायचा, मी मान हलवायचो. एनिफाच्या तोंडावरची माशी वारायचो.

गेरेसोमू आला. त्या दिवशी कबर खणायला सगळे गेले आणि पाइप एकटा राहिला. माती देऊन परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी तसाच मशीनकडे गेलो आणि पान्याला लोंबकळलो. हलेना. बिस्विकीची माणसं हातपाय धुऊन आली होती. सगळ्यांनी हात लावले. गेरेसोमूनेही कोट काढला.

पाइप बोटभर फिरला. मग आणखी बोटभर.

मामा म्हणाले, "आता लाव."

मी पंप अगदी हळू सोडला. दाबाचा काटा चढला आणि तिथंच थांबला. वर काही येईना.

"वाढव की!" बिस्विकी ओरडला.

"गप्प."

वाढवला तर फाटेल, बंद केला तर पुन्हा आळेल. मी तेवढाच ठेवला. मग भोकाच्या तोंडाशी मक्याच्या पिठाच्या शिळ्या न्सिमासारखे गोळे वर आले. त्यांच्यामागून घट्ट चिखल, मग पातळ. बायकांनी आनंदाने ओरडायला तोंड उघडलं आणि मयताच्या घराकडे बघून मिटलं.

एनिफा आता नव्हती त्या घरातून जेवायला हाक आली.

"जा तू," बिस्विकी म्हणाला. "पंप मी बघतो. नुसतं उभंच तर राहायचंय."

"तुला जमणार नाही," मी खोटंच म्हणालो, आणि पंपाचा दांडा धरून तिथंच उभा राहिलो.