घाण्याची ओवी आणि चंदेरी ॲम्प्लिफायर

घशाच्या ऑपरेशननंतर मुक्ताआत्याचा आवाज फाटला, तेव्हापासून तिनं जात्यावर बसणंच सोडलं. आणि तिची नात राजनंदिनी हटून बसलेली, "आजीची ओवी न्हाई, तर माझा घाणाच भरू नका." लग्नाआधी जात्यात हळकुंडं भरडतात तो घाणा. वरवंडातल्या त्यांच्या भावकीत आत्याच्या ओवीशिवाय तो कुणाचाच भरला नव्हता.

"मी हाय की," मी म्हणालो. ही माझी जुनी खोड.

माझ्या मोबाइलात आत्याच्या चांगल्या दिवसांतली ओवी होती, मागच्या जात्याच्या घरघरीसकट. आणि न्हावऱ्याला घरी माझे लाडके परदेशी स्पीकर, एकेक दोघांनी उचलायचा. पुण्याच्या दुकानदारानं बजावलं होतं, "हे स्पीकर खादाड आहेत, साहेब. खर्ज आला की दुप्पट करंट ओढतात. नुसते वॅट बघू नका, दमाचा ॲम्प्लिफायर घ्या." मी जाणत्यासारखी मान हलवली आणि सगळ्यांत देखणा होता तो घेतला. चंदेरी तोंड, निळा उजेड. बैलाला जोडीदार शोधताना मी चार बाजार पालथे घालतो, खूर बघतो, चाल बघतो. इथं रंगवलेली शिंगं बघून भुललो.

घरी हळू आवाजात सगळं गोड वाजलं.

"येकदा मोठ्यानं लावून बघा की," बायको म्हणाली. ती शितल, नावाप्रमाणं शांत, पण बोलते नेमकं.

"दर्दी माणसं आवाज वाढवत नसतात," मी सुनावलं.

मग पिकअपमध्ये गोधड्यांत गुंडाळून, बाळंतिणी न्याव्यात तसे स्पीकर वरवंडला नेले. मांडवात जातं मांडलेलं. सुवासिनींनी खुंट्याला हात लावलेला. आत्या लांब खांबाला टेकून, पदर तोंडाशी. मी आधी चार शब्द बोललो, आवाजाच्या खोलीविषयी. कुणी मागितले नव्हते. मग बटण दाबलं.

हळकुंड भरडीते, पिवळं झालं पीठ...

आत्याचा पदर खाली आला. मोबाइलातलं जातं पुरतं फिरलं, खर्ज भरून आला, स्पीकरांनी आपला घास मागितला आणि टक्! ओवी बंद, चंदेरी तोंडावर लाल दिवा.

पुन्हा लावलं. 'पिवळं झालं पीठ...' टक्!

आवाज उतरवला, तर आचाऱ्याच्या झाऱ्याच्या खणखणाटात ओवी बुडाली. वाढवला, टक्! सुवासिनींचे हात खुंट्यावर अवघडले.

"सुदाभावजी, पीठ कितींदा पिवळं करायचं?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मांडवभर हशा पिकला. हसली नाही ती राजनंदिनी. पाटावर बसून ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

मी घाम पुसत चौथ्यांदा बटणाकडे हात नेला.

"आरं थांब!" घोगरा, चिरका आवाज. आत्या उठून उभी होती. "दर येळी निम्मी ओवी टाकून पळतंय तुझं यंत्र. पीठ पिवळं केलंस, आन् पोरीची दीठ कोण काढणार? ह्यो चंदेरी नवरदेव?"

ती तरातरा आली, जात्याशी बसली, खुंट्याला हात घातला. घसा खाकरला. पाटाचं पाणी ढेकळांत अडत अडत सरीला लागावं, तसा तो आवाज निघाला:

नवरीच्या गालाला गं, लागू नये दीठ...

शेवटचा शब्द फुटला. बायकांनी तो वरच्यावर झेलला आणि जातं फिरलं. राजनंदिनीनं आजीच्या हातावर हात ठेवला. आत्यानं दुसरी ओवी धरली, तिसरी धरली. कुठं आवाज तुटला की बायका सांधत होत्या.

मी वायर गुंडाळायला वाकलो. एक हात बंद स्पीकरवर पडला, तर त्याचं लाकूड थरथरत होतं. जमिनीतनं जात्याचा खर्ज वर चढला होता.

"ऐकताय न्हवं?" शितल कानाशी म्हणाली. "आन् ह्यो आवाज वाढवला तरी बंद पडत न्हाई."

तेवढ्यात आत्या ओरडली, "सुदा, नुसता हुबा काय ऱ्हायलाईस? त्या पेटीवरचं हळकुंडाचं सूप दे हिकडं."

माझ्या परदेशी स्पीकरवर बायकांनी केव्हाच सूप ठेवलं होतं. मी ते मुकाट्यानं दिलं.