चढलेले आकडे

दादा बसचालक. सत्तावीस वर्षं स्टिअरिंगमागे बसून काढली, पण अंगावर तोळाभर चरबी नाही, आणि त्याचा तोरा भारी. "दवाखाना मी फक्त प्रवासी उतरवताना बघतो," असं तो सगळ्यांना ऐकवायचा. त्याची धाकटी बहीण एका संशोधन प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. तिथे एका अभ्यासासाठी पन्नाशीतली, साखर नॉर्मल असलेली माणसं हवी होती, म्हणून तिने दादालाच धरून नेलं. उपाशीपोटी रक्त देऊन, लागोपाठ दोन कप चहा ढोसून तो कामावर गेला.

तीन आठवड्यांनी आकडे तपासताना तिचा हात थबकला. नळीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पण दादाच्या नळीवर ती क्रमांकाची चिठ्ठी तिनेच चिकटवली होती. साखर ठीक. मात्र ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तिन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, चांगलीच चढलेली. अशा माणसांपैकी अनेकांना पुढे काही वर्षांनी मधुमेह होतो, हे ती कामात रोज वाचत होती. आज पहिल्यांदा ते आकडे घरातल्या माणसाचे होते.

ती तडक प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी दादाचा संमतीचा फॉर्म पाहिला. "'निकाल कळवावा' यावर खूण आहे. मीच सांगते त्यांना. तू घाबरवून सोडशील."

बाईंनी दादाला नीट समजावलं. हा आजार नव्हे, पुढे होईलच अशी खात्रीही नाही. धोका जरा जास्त, इतकंच. चालणं वाढवा, दरवर्षी साखर तपासा.

दादा बाहेर आला तो लालबुंद होऊन. "धडधाकट माणसाला बोलावून आजारी केलंस!"

"आजारी नाहीस रे. चालत जा जरा."

"रोज दीडशे किलोमीटर जातो मी."

"बसून!"

तो हसला नाही. पुढे दोन महिने फोनवर "हं" आणि "बरं" यापलीकडे शब्द नाही. आपणच विकतचं दुखणं घेतलं, असं तिला वाटायला लागलं.

मग एक दिवस वहिनीचा फोन आला. "अगं, हा माणूस आता डेपोत चालत जातो. चार किलोमीटर! तुला सांगू नको म्हणालाय. पण माझ्या तोंडात तीळ भिजतो का?"

त्याच्या सुट्टीच्या दिवशी ती बूट घालून दारात हजर. दादाने वहिनीकडे जळजळीत नजर टाकली आणि निघाला. चालला असा की हिला धाप लागली. नदीवरच्या पुलावर तो कठड्याला टेकला.

"बाबांच्या पायाची मधुमेहाने चिघळलेली जखम मी धुवायचो," तो म्हणाला. "दीड वर्ष. तू हॉस्टेलवर होतीस. किरकोळ आहे, असंच तुला कळवत राहिलो."

बाबांचा पाय कापल्यावरच तिला घरी बोलावलं होतं. "मला का नाही सांगितलंस?"

"परीक्षा होती तुझी." तो पाण्याकडे बघत राहिला. "त्या बाई बोलत होत्या आणि मला त्या जखमेचा वास येत होता. तुझ्यावर नव्हतो गं चिडलो."

तिने त्याचा दंड धरला. दोघं तसेच पलीकडच्या काठापर्यंत गेले.

वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं. साखर होती तिथेच. तिन्ही आम्लं थोडी उतरलेली. "चालण्यामुळेच, असं एका माणसावरून सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

"नका सांगू," दादा म्हणाला. "फक्त हिला सांगा, सुट्टीच्या दिवशी फिरायला निघायला वेळेवर उठत जा म्हणून. अर्धा तास आपल्या दारात ताटकळत ठेवते मला."